संस्थेतली जोखीम: शोधायची कशी, मोजायची कशी आणि ताब्यात कशी ठेवायची

बहुतेक रिस्क रजिस्टर, म्हणजे संस्थेतल्या जोखमींच्या नोंदवह्या, पहिल्याच रकान्यात चुकतात, म्हणून सुरुवात शब्दांपासून करू. धोका म्हणजे इजा करू शकणारी गोष्ट किंवा स्थिती. फिरतं यंत्र, दाबाखालची वाफ, उंची, वीज, विषारी वायू, सलग चौदा तासांची ड्युटी, हे सगळे धोके. जोखीम म्हणजे त्या धोक्यापासून इजा व्हायची शक्यता किती आणि झालीच तर ती किती गंभीर, या दोन्हींचा मिळून केलेला अंदाज. सीलबंद पिंपात ठेवलेलं ॲसिड आणि उघड्या बादलीतून जिन्यावरून नेलं जाणारं ॲसिड यांत धोका एकच आहे, जोखमीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रजिस्टरात धोक्याच्या रकान्यात 'कन्व्हेयर' किंवा 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहिलेलं सर्रास आढळतं. पहिलं नुसतं माल वाहणाऱ्या पट्ट्याच्या यंत्राचं नाव आहे, दुसरा माणसावरचा ठपका आहे. दोन्हींवरून पुढे काय करायचं ते कळत नाही. नोंद पूर्ण वाक्यात लिहा. काम कोणतं, काय बिघडेल, कोणाला काय होईल, हे तिन्ही त्यात आलं पाहिजे. उदाहरणार्थ, 'चालू बेल्टच्या टेल पुलीत अडकलेला माल सळईने काढताना सळई किंवा बाही बेल्ट आणि पुलीच्या मध्ये ओढली जाऊन सफाई कामगाराचा हात तुटू शकतो.' (बेल्ट म्हणजे कन्व्हेयरचा पट्टा, टेल पुली म्हणजे त्याच्या मागच्या टोकाचं चाक.) हीच नोंद आपण शेवटपर्यंत सोबत घेऊ.

यादी कशाची करायची

विभागांची यादी करू नका, कामांची करा. 'स्टोअर' या एका ओळीत ट्रकमधून माल उतरवणं, रॅकवर चढवणं, फोर्कलिफ्टची बॅटरी चार्ज करणं, सांडलेलं रसायन पुसणं अशी निरनिराळी जोखीम असलेली कामं दडलेली असतात.

रोजची कामं सगळ्यांना आठवतात. माणसं दगावतात ती पुष्कळ वेळा अधूनमधून होणाऱ्या कामांत, म्हणजे यंत्र सुरू करताना, बंद करताना, अडकलेला माल काढताना, टाकी साफ करताना, वीज गेल्यावर, रात्रपाळीत माणसं कमी असताना. आयएसओ ४५००१ हे कामावरच्या सुरक्षेच्या व्यवस्थापनाचं २०१८ सालचं आंतरराष्ट्रीय मानक नेमकं हेच मागतं. नेहमीची आणि क्वचितची कामं, आणीबाणीची परिस्थिती, होऊ घातलेले बदल, कंत्राटी कामगार, पाहुणे, एवढंच काय, कामाचा ताण, कामाचे तास आणि छळ-दमदाटीसुद्धा धोके ओळखताना विचारात घ्यायला ते सांगतं. हा शेवटचा भाग बहुतेक ठिकाणी कोरा राहतो. थकलेल्या माणसाच्या हातून होणारी चूक ही यंत्राच्या बिघाडाइतकीच खरी असते, तेव्हा तो भरा.

काम पाहताना काही सुटू नये म्हणून ऊर्जेच्या अंगाने विचार करणं फार उपयोगी पडतं. इथे वरून काय पडू शकतं? काय फिरतं, काय सरकतं? दाब कुठे साठलाय? वीज कुठून येते? गरम, थंड, ज्वलनशील, विषारी काय आहे? आवाज किती? स्प्रिंग, तोल राखणारं वजन, वीज साठवणारा कपॅसिटर यांत यंत्र बंद केल्यावरही ऊर्जा शिल्लक राहते का? बहुतेक इजांच्या मुळाशी अशी कुठली तरी ऊर्जा असते. ती सापडली की धोका सापडला.

जागेवर जाऊन पाहणं

मीटिंग रूममध्ये बसून केलेली यादी म्हणजे काम कसं व्हायला हवं याची कल्पना. ते प्रत्यक्षात कसं होतं हे पाहायचं तर कामाचं एक पूर्ण चक्र उभं राहून पाहावं लागतं, आणि त्यात पाळी बदलतानाचा अर्धा तास आणि रात्रपाळीची एक फेरी हवीच. गटात तीन-चार जण पुरतात. ते काम रोज करणारा कामगार, मेंटेनन्सचा माणूस, सुपरवायझर आणि पद्धत जाणणारा सेफ्टीचा माणूस. पहिल्या दोघांवाचून केलेलं मूल्यमापन धरू नका.

'सगळं सुरक्षित आहे ना?' असं विचारलं तर 'हो' हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: काम अडलं की तुम्ही काय करता? घाई असते तेव्हा कोणती पायरी सुटते? नवीन माणूस आला तर त्याला पहिल्यांदा कशापासून जपायला सांगाल? मागच्या महिन्यात थोडक्यात वाचलो असं कधी झालं?

तोंडाने कोणी सांगितलं नाही तरी जागा सांगते. गार्डच्या (फिरत्या भागावरच्या संरक्षक झाकणाच्या) चार बोल्टपैकी दोनच लावलेत आणि त्यांची डोकी घासून चकाकतायत, म्हणजे गार्ड वरचेवर उघडला जातो. लिमिट स्विच (गार्ड उघडल्याचं ओळखणारा स्विच) तारेने बांधून ठेवलाय, म्हणजे इंटरलॉक (गार्ड उघडला की यंत्र थांबवणारी व्यवस्था) कोणाच्या तरी कामात आडवा येतोय. आणि आपल्या उदाहरणात, टेल पुलीशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेली एक सळई असते. टोक वाकवलेलं, धरायच्या जागी चिंधी गुंडाळलेली, हाताळून गुळगुळीत झालेली. कोणत्याही कार्यपद्धतीत तिचा उल्लेख नसतो, पण ती रोज वापरली जाते हे उघड आहे. अशी घरगुती हत्यारं शोधा. एखादं काम दिलेल्या साधनांनी आणि दिलेल्या वेळेत होत नाही, याचा तो धडधडीत पुरावा असतो. सळई दिसली की ती जप्त करून नोटीस लावू नका. तसं केलं तर उद्या दुसरी सळई येईल आणि ती लपवून ठेवली जाईल.

पद्धत कामाप्रमाणे निवडा. एका ठरावीक कामासाठी जॉब सेफ्टी ॲनालिसिस पुरेसं आहे. काम सात ते दहा पायऱ्यांत तोडायचं, प्रत्येक पायरीचा धोका आणि उपाय लिहायचा. रसायनांच्या प्रक्रियेसाठी हॅझॉप लागतं. १९६०च्या दशकात आयसीआय या ब्रिटिश कंपनीत घडलेली ही पद्धत 'नाही', 'जास्त', 'कमी', 'उलट' असे शब्द प्रवाह, दाब, तापमान यांना लावून पाहते. प्रवाह उलटा झाला तर? पातळी जास्त झाली तर? यंत्रभागांच्या बिघाडासाठी एफएमईए, म्हणजे प्रत्येक भाग कसा बिघडेल आणि त्याचा परिणाम काय, याची तपासणी. आग, स्फोट, वायुगळती अशा मोजक्या मोठ्या संकटांसाठी बो-टाय काढा. मधोमध ताबा सुटल्याची घटना, डावीकडे कारणं, उजवीकडे परिणाम आणि दोन्ही बाजूंना अडसर. सगळ्या कामांना एकच भारी पद्धत लावणाऱ्या संस्थेत कागद वाढतात आणि माणसं कंटाळतात.

गुण देताना

पाच बाय पाचची मॅट्रिक्स (गुणांचा तक्ता) बहुतेकांकडे असते. एका बाजूला गंभीरता, प्रथमोपचारापासून अनेक मृत्यूंपर्यंत. दुसऱ्या बाजूला शक्यता. 'कमी', 'मध्यम', 'जास्त' एवढंच लिहिलं असेल तर तीन माणसं तीन गुण देतील. शक्यतेची प्रत्येक पायरी वारंवारतेत बांधा: आठवड्यातून एकदा, वर्षातून एकदा, दहा वर्षांतून एकदा. गंभीरता ठरवताना जगबुडी धरू नये आणि सगळं सुरळीत पार पडेल असंही धरू नये. वास्तवात घडू शकेल असा सर्वांत वाईट परिणाम घ्यावा.

गटातल्या प्रत्येकाने आधी आपला गुण स्वतंत्र लिहावा, मग चर्चा करावी. सरासरी काढू नका. सुपरवायझरने शक्यता २ दिली आणि कामगाराने ४, तर त्या दोन अंकांमधलं अंतर हीच खरी माहिती आहे. बहुधा कामगाराला ठाऊक असलेलं काही तरी सुपरवायझरला ठाऊक नसतं.

इथे हमखास होणाऱ्या चुका सांगतो. 'आजवर झालं नाही' म्हणून शक्यता १ देणं. पाच वर्षांत घडलं नाही याचा अर्थ दहा वर्षांत घडणार नाही असा होत नाही. गार्ड आहे म्हणून गंभीरता कमी करणं. गार्ड, परमिट (धोक्याच्या कामाआधीची लेखी परवानगी), प्रशिक्षण हे उपाय सहसा शक्यता घटवतात. इजा झालीच तर ती तेवढीच भयंकर राहते. आणि सर्वांत घातक चूक म्हणजे गुणाकारावर आंधळा विश्वास. शक्यता ५ गुणिले गंभीरता १ म्हणजे ५, आणि शक्यता १ गुणिले गंभीरता ५ म्हणजेही ५. पहिल्यात बोटाला खरचटतं, दुसऱ्यात माणसं मरतात. हे अंक क्रम दाखवतात, माप दाखवत नाहीत. म्हणून एक नियम करून टाका: गंभीरता ४ किंवा ५ असलेली नोंद, तिचा गुणाकार कितीही येवो, वरिष्ठ व्यवस्थापनाने स्वतंत्रपणे पाहायची.

आपल्या बेल्टचं पाहा. बेल्ट सेकंदाला २ मीटर जातो असं धरू. सळई ओढली जातेय हे लक्षात येऊन हात सोडायला अर्धा सेकंद लागला, तर तेवढ्यात बेल्ट १ मीटर पुढे गेलेला असतो. माणसाचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत त्याहून आखूड आहे. 'जपून काम करा' या सूचनेचा इथे काडीचा उपयोग नाही, हे या एका हिशेबावरून पटतं. गंभीरता ४. काम रोज होतं, तेव्हा शक्यताही कमी म्हणता येणार नाही.

उपाय वरून खाली

उपायांची उतरंड सगळ्यांना पाठ असते: धोका काढून टाका, कमी धोक्याचा पर्याय वापरा, यांत्रिक अडसर घाला, कार्यपद्धती बसवा, शेवटी पीपीई, म्हणजे हेल्मेट-हातमोज्यांसारखी अंगावरची साधनं. व्यवहारात मात्र खालून सुरुवात होते, कारण हातमोजे उद्या मिळतात आणि यांत्रिक बदलाला शटडाऊन (यंत्रं पूर्ण बंद ठेवणं) लागतो. फिरत्या पुलीजवळ तर हातमोजे उलट घात करतात, मोज्याचं टोक आधी ओढलं जातं.

वरून सुरुवात करायची म्हणजे आधी विचारायचं, हे काम करावंच का लागतं? लोडिंगच्या जागी स्कर्ट रबर (बेल्टच्या कडेला माल अडवणारी रबरी पट्टी) झिजलं की माल बाजूने सांडतो, परतीच्या बेल्टच्या आतल्या अंगावर पडतो आणि थेट टेल पुलीत जातो. स्कर्ट नीट बसवलं, बेल्ट सरळ धावता केला आणि टेल पुलीच्या अलीकडे व्ही-प्लाऊ (बेल्टवरचा माल बाजूला सारणारी व्ही आकाराची पट्टी) लावला, तर सांडलेला माल पुलीपर्यंत पोचण्याआधीच बाजूला पडतो. जोखमीचं मूळ इथे होतं, आणि ते सुरक्षेच्या नव्हे, मेंटेनन्सच्या वहीत सापडलं. असं फार वेळा होतं.

त्यानंतर गार्ड. जाळी लावली म्हणजे झालं असं नाही, भोक आणि अंतर यांचं गणित असतं. आयएसओ १३८५७ या यंत्रापासूनच्या सुरक्षित अंतरांच्या मानकानुसार जाळीचं चौकोनी भोक ३० ते ४० मिलिमीटर असेल तर धोक्याच्या जागेपासून जाळी किमान २०० मिलिमीटर दूर हवी. भोक ४० पेक्षा मोठं, १२० मिलिमीटरपर्यंत असेल तर ८५० मिलिमीटर, कारण त्यातून अख्खा हात खांद्यापर्यंत जातो. गार्ड हत्यारावाचून निघता कामा नये. आणि ग्रीस करायची निपल गार्डच्या बाहेर आणा, नाहीतर दर आठवड्याला ग्रीससाठी गार्ड उघडला जाईल आणि एके दिवशी परत बसवायचा राहील.

तरीही कधी तरी आत हात घालावा लागणारच. त्यासाठी लॉकआउट, म्हणजे यंत्राची ऊर्जा तोडून तिथे कुलूप लावणं. संबंधितांना कळवा, बेल्ट थांबवा, मुख्य आयसोलेटर (वीज तोडणारा स्विच) बंद करा, काम करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचं कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी, टॅग लावा, साठलेली ऊर्जा काढा, आणि मग स्टार्ट बटण दाबून यंत्र सुरू होत नाही याची खात्री करा. ही शेवटची पायरी सर्वांत जास्त गाळली जाते, आणि चुकीच्या आयसोलेटरला कुलूप लावल्याचं तिथेच उघड होतं. चढणीवरचा बेल्ट मालाच्या वजनाने मागे येऊ शकतो आणि टेक-अपचं वजन बेल्ट ताणून धरतं, हे विसरू नका. स्टॉप बटण किंवा पुल-कॉर्ड (ओढली की बेल्ट थांबवणारी दोरी) म्हणजे लॉकआउट नव्हे.

प्रत्येक उपायापुढे एका व्यक्तीचं नाव आणि एक तारीख लिहा. 'मेंटेनन्स विभाग' हे नाव नाही. 'लवकरात लवकर' ही तारीख नाही. 'कामगारांना समज दिली' हा तर उपायच नाही. उपाय कायमचा होईपर्यंत मधल्या काळात काय करणार, तेही लिहा. शटडाऊन तीन महिन्यांनी असेल तर ते तीन महिने माणसं त्याच पुलीजवळ उभी असतात.

उपाय आज चालतोय का

आमच्या मते सगळ्या व्यवस्थेचं मोल या प्रश्नावर ठरतं. रजिस्टरात लिहिलेला उपाय आणि जागेवर चालणारा उपाय यांच्यात फट पडत राहते, आणि अपघात त्या फटीतून येतो.

६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा तेलमंचावर १६७ जण मृत्युमुखी पडले. कंडेन्सेटच्या (वायूतून मिळणाऱ्या ज्वलनशील द्रवाच्या) एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता आणि उघडं तोंड फक्त ब्लाइंड फ्लँजने (धातूच्या सपाट झाकणाने) झाकलं होतं. परमिट पद्धत तिथे होती. पण व्हॉल्व्ह जागेवर नाही ही गोष्ट पाळी बदलताना रात्रपाळीला कळली नाही. दुसरा पंप बंद पडला, म्हणून पहिला सुरू केला, आणि त्या तोंडातून गळती झाली. आग विझवायचे डिझेल पंपही होते, पण पाणबुडे पाण्यात काम करत असल्याने ते मॅन्युअलवर, म्हणजे हाताने सुरू करायचे, ठेवले होते. आग लागल्यावर ते सुरू करायला तिथवर पोचता आलं नाही. कागदावर दोन्ही उपाय होते.

म्हणून गंभीर जोखमीच्या प्रत्येक उपायासाठी चार गोष्टी ठरवा: त्याने काय करून दाखवलं पाहिजे, ते तपासायचं कसं, किती दिवसांनी आणि कोणी. पुल-कॉर्ड प्रत्येक भागात ओढून बघा. बेल्ट थांबतो का, आणि स्विच पूर्ववत केल्यावर आपोआप सुरू तर होत नाही ना? वायुमापकाची वापराआधी बंप टेस्ट करा, म्हणजे ठाऊक असलेला वायू सोडून अलार्म वाजतो का ते पाहा. आयवॉशपर्यंत (डोळे धुवायच्या नळापर्यंत) १० सेकंदांत पोचता आलं पाहिजे आणि पाणी सलग १५ मिनिटं यायला हवं. आठवड्यातून एकदा चालवून बघा, नाहीतर ऐन वेळी गंजाचं पाणी डोळ्यांत जाईल. टाकीत माणूस उतरवण्याआधी ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के आणि ज्वलनशील वायू स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांहून कमी आहे हे वर, मध्ये आणि तळाशी तपासा. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, मिथेन हलका. नाकावर भिस्त ठेवू नका: हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण दशलक्षात १००च्या आसपास गेलं की वास येणंच बंद होतं.

पाळी सोपवताना चालू परमिट, काढलेले भाग आणि बायपास केलेले (तात्पुरते निष्क्रिय केलेले) इंटरलॉक लिहून द्यावेत, आणि दोन्ही पाळ्यांच्या माणसांनी ते जागेवर जाऊन एकत्र पाहावेत. पंधरा मिनिटं जातात. ती पाळीच्या वेळेत धरा, नाहीतर कोणी देणार नाही.

बदल

जोखीम एकदा मोजली की तशीच राहत नाही. १ जून १९७४ रोजी इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरो इथे रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन २८ जण ठार झाले. ओळीतल्या सहा रिॲक्टरपैकी (रसायनक्रियेच्या टाक्यांपैकी) पाचव्याला भेग गेली म्हणून तो काढला आणि चौथा व सहावा तात्पुरत्या नळीने जोडले. जोडायची तोंडं २८ इंची, नळी २० इंची, दोन्ही टोकांना बेलोज (घडीचे लवचीक जोड). नीट आराखडा न करता वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने आकृती काढून ती बनवली होती. तात्पुरता बदलसुद्धा बदलच असतो, आणि त्याला कायमच्या बदलापेक्षा जास्त बारकाईने पाहावं लागतं, कारण तो घाईत होतो.

बदल म्हणजे नुसतं यंत्र नव्हे. नवा पुरवठादार, वेगळ्या दर्जाचा कच्चा माल, कमी केलेली माणसं, बदललेली पाळी, निवृत्त झालेला अनुभवी ऑपरेटर, या सगळ्यांसाठी एक पानी फॉर्म पुरतो: काय बदलतंय, कोणत्या नोंदींवर परिणाम होतो, कोण तपासणार, आणि तात्पुरता असेल तर कोणत्या तारखेला संपणार. ती तारीख उलटली की बदल काढा, किंवा पुन्हा मंजुरी घ्या.

आकड्यांकडे कसं पाहावं

इजा कमी झाल्या म्हणजे जोखीम कमी झाली असं मानण्याची सवय फार महागात पडते. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास सिटी रिफायनरीत (तेलशुद्धीकरण कारखान्यात) एक टॉवर प्रमाणाबाहेर भरल्याने स्फोट होऊन १५ जण ठार आणि १८० जखमी झाले, आणि तिथे वैयक्तिक इजांचं प्रमाण आधी घटत होतं. घसरून पडण्याच्या आकड्यांवरून टॉवर भरून वाहण्याची जोखीम कळत नाही. म्हणून इजांबरोबर हेही मोजा: गंभीर उपायांच्या किती तपासण्या वेळेत झाल्या, त्यांत किती नापास झाल्या, किती इंटरलॉक आज बायपासवर आहेत, मुदत उलटलेली किती कामं पडून आहेत. तपासण्यांत कधीच काही नापास होत नसेल तर एकदा तपासणाऱ्याबरोबर स्वतः जा.

नियर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात, कळवणाऱ्याला काही दिवसांत उत्तर मिळालं पाहिजे, मग ते 'सध्या होणार नाही, कारण असं' एवढंच का असेना. तीनदा कळवून काहीच झालं नाही की माणूस चौथ्यांदा कळवत नाही. महिन्याला अमुक इतके नियर मिस आणा असं उद्दिष्टही देऊ नका, महिनाअखेरीस खोट्या चिठ्ठ्या येतात. जाणूनबुजून केलेला बेफाम प्रकार आणि चांगल्या हेतूने काम उरकताना झालेली चूक यांत फरक करा, आणि तो फरक आधीच लिहून सगळ्यांना सांगा.

रजिस्टर वर्षातून एकदा पूर्ण वाचा. अपघात, नियर मिस, बदल किंवा नापास तपासणी झाली तर ती ती नोंद लगेच उघडा. नोंद बंद करायचा अधिकार उपाय करणाऱ्याला देऊ नका. दुसऱ्या माणसाने जागेवर पाहून, ते काम करणाऱ्याशी बोलून ती बंद करावी. आपल्या बेल्टची नोंद स्कर्ट बसवल्याचं बिल जोडून बंद होत नाही. काही आठवड्यांनी, शक्यतो रात्रपाळीत, पुलीजवळ जा. माल साचतोय का पाहा, गार्डचे चारही बोल्ट मोजा, आणि भिंतीकडे बघा. सळई पुन्हा टेकवलेली दिसली तर नोंद उघडी ठेवा.